घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासूबाईंना लकवा झाला तेव्हा आमच्या घरात कुणालाच काही येत नव्हतं. पुढची सहा वर्षं त्या पलंगावर होत्या. तेव्हापासून गल्लीतले, नात्यातले आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक फोन करून विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्यावर दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सरकारी रकमा आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयात एकदा विचारून घ्या.

१. डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला, पण बाबा अजून उठून बसत नाहीत. आता पुढे काय?

हॉस्पिटलमध्ये ठेवून करण्यासारखं आता काही उरलेलं नाही, एवढाच डिस्चार्जचा अर्थ. माणूस पूर्वीसारखा झाला असा नाही. यापुढचं काम औषधांपेक्षा हातांचं जास्त असतं: आंघोळ, कपडे, भरवणं, संडास-लघवी, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. यालाच दीर्घकालीन काळजी म्हणतात. ती काही महिने लागेल की काही वर्षं, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच कळत नाही.

सुरुवातीला एकच करा. तीन दिवस वहीत लिहून ठेवा, कुठल्या वेळी कुणाला उठावं लागलं आणि किती वेळ गेला. रात्रीचंही लिहा. मग काळजीसाठी ठेवायची बाई किती तासांची हवी हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. आणि डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून कूस बदलणं, नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं स्वतःच्या हाताने करून शिका. नुसतं पाहून ते येत नाही.

२. घरीच ठेवावं की वृद्धाश्रमात? लोक नावं ठेवतील.

नावं ठेवणारे रात्री दोन वाजता चादर बदलायला येत नाहीत. पण त्या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न आहे, जो मला फोन करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी विचारलेला नसतो: ज्यांच्याबद्दल ठरवताय त्यांना विचारलंत का? बोलता येत नसेल तरी विचारता येतं. सासूबाईंची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डाव्या हातातली काचेची बांगडी त्या पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायच्या. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदला, आणि सारखं वाजवलं म्हणजे कुणीतरी जवळ येऊन बसा. हे समजायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर आम्ही त्यांच्यासमोरच त्यांचं काय करायचं यावर चर्चा करत होतो, जणू त्या खोलीत नव्हत्याच.

घर चालतं, जर रात्री उठायला निदान दोघं असतील, बाईचा पगार वर्षभर देता येईल आणि संडासापर्यंत व्हीलचेअर जात असेल. धरमपेठेतल्या किंवा महालातल्या जुन्या घरांत संडासाचं दार अरुंद असतं, आत एक पायरीही असते. ते आधी मोजा. ज्यांना चालता येतं, पण घरी बोलायला कुणी नाही, अशांना चांगला वृद्धाश्रम घरापेक्षा बरा ठरतो. मी तसं झालेलं पाहिलं आहे.

३. बाई किंवा अटेंडंट कुठून मिळेल? ब्युरोला काय विचारू?

नागपुरात बहुतेक लोक नर्सिंग ब्युरोकडूनच (घरी बाई किंवा नर्स पाठवणारी एजन्सी) घेतात, किंवा मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात ओळख झालेल्या बाईकडून नंबर मिळतो. आधी फरक समजून घ्या. आयाबाई अंगाचं सगळं करते. इंजेक्शन देणं, लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं हे तिचं काम नाही, तिच्याकडून करून घेऊही नका. त्यासाठी प्रशिक्षित नर्स लागते, आणि बहुतेक घरांत ती आठवड्या-पंधरवड्यातून एकदा आली तरी पुरते. चोवीस तास नर्स ठेवून पैसे संपवलेली घरं मी पाहिली आहेत.

ब्युरोला चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ड्युटी बारा तासांची की चोवीस, बाई आली नाही तर किती वेळात दुसरी येईल, सुट्टीच्या दिवशी कोण येणार, आणि तुम्ही देता त्यातले बाईच्या हातात किती पडतात. शेवटचा प्रश्न ब्युरोला आवडत नाही. पण जिला अर्धेच पैसे मिळतात ती महिन्याभरात दुसरीकडे जाते आणि तुमच्या माणसाला पुन्हा नव्या हातांची सवय करावी लागते. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, आधारची प्रत ठेवा. चोवीस तासांच्या बाईला सलग झोप, स्वतःचं अंथरूण आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. हे तुमच्या माणसाच्या भल्याचंच आहे, कारण झोप न झालेल्या हातातूनच माणूस पडतो.

४. पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं? एअर बेड घेतला की झालं ना?

नाही. हवेची गादी मदत करते, पण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. दिवसातून दोनदा उजेडात अंग पाहा: माकडहाड, कंबरेची हाडं, टाचा, कोपर, कानामागे. लाल किंवा काळपट डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर रंग तसाच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे असं समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताला ती जागा गरम किंवा कडक लागते. अशा जागेवर तेल लावून चोळू नका. आमच्या आज्या चोळायच्या, पण त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली गोल उशीही नको, कडेने दाब वाढतो.

मी रोज पाठ, कंबर पाहायचे. डिसेंबरात थंडी म्हणून सासूबाईंच्या पायात लोकरीचे मोजे घातलेले होते. आठ दिवसांनी मोजा काढला तेव्हा उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता. ती टाच भरायला चार महिने लागले. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची, एवढं साधं काम राहून गेलं होतं.

उन्हाळ्यासाठी वेगळं लिहिते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि चाळीसच्या वरचे दिवस तर दरवर्षीच असतात. पलंगावरचं माणूस तहान लागली म्हणून सांगत नाही. लघवी गडद पिवळी झाली, तोंड कोरडं पडलं, अचानक असंबद्ध बोलू लागले तर पाणी कमी पडतंय. थोडं थोडं, चमच्याने, डोकं उचलून पाजा (हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर दिवसाला किती पाणी ते डॉक्टरांना विचारून). गिळताना ठसका लागत असेल तर तोंडाने काही देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. चादर दमट राहते आणि दमट चादरीवर जखम लवकर होते. नाकातल्या नळीने भरवताना आणि त्यानंतर तासभर पलंगाची डोक्याकडची बाजू वर ठेवा.

५. आयुष्मान कार्ड आहे. त्यातून बाईचा पगार मिळेल का?

नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना या दोन्ही रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत. सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज होतो. ते जरूर काढा. पण डायपर, बाई, घरची फिजिओथेरपी हा खर्च खिशातूनच करावा लागतो, आणि दीर्घकालीन काळजीत मुख्य खर्च तोच असतो. खासगी विम्याचंही बहुतेक असंच आहे. दिव्यांग व्यक्ती तुमच्यावर अवलंबून असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते पुढच्या उत्तरात.

६. लकव्याच्या पेशंटला दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? म्हातारपणामुळे झालंय ना?

मिळतं. वयाची अट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. लकव्याने आलेलं अपंगत्व चलनविषयक दिव्यांगत्वात मोजतात, पार्किन्सनचं तर यादीत नावच आहे. डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) मात्र वेगळं नाव नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तिथूनच यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) येतं. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लकवा होऊन आठ दिवस झाले असताना जाऊ नका; स्थिती स्थिरावल्यावरच टक्केवारी नीट ठरते. जाताना एमआरआयचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा.

७. पेन्शन किती मिळते? कुठे जायचं?

६५ वर्षांवरच्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, आणि निराधार, विधवा, दिव्यांग यांना संजय गांधी निराधार अनुदान योजना. महिन्याला १,५०० रुपये. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २,५०० झाली. उत्पन्नाची अट मात्र कडक आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत, दिव्यांगांसाठी ५० हजारांपर्यंत. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि पैसे थांबल्याचं घरच्यांना चार महिन्यांनी कळतं.

८. व्हीलचेअर, कमोड खुर्ची सरकारकडून मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्यांना अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. चौकशी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात करा. विकत घेण्याआधी नात्यात विचारा. प्रत्येक खानदानात एक वॉकर माळ्यावर पडलेला असतो.

९. वृद्धाश्रम बघायला गेलो तर काय पाहायचं?

पहिला प्रश्न फोनवरच विचारा: पुढे अंथरूण धरलं तर ठेवून घेणार का? बरेच आश्रम फक्त चालत्या-फिरत्यांनाच घेतात आणि माणूस पडल्यावर मुलांना फोन करतात. सरकारी योजनेतल्या वृद्धाश्रमात पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांची अट असते. उमरेड रोडवरचं पंचवटी जुनं आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचं हे काम. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी स्नेहांचल आहे, तिथे पैसे घेत नाहीत.

भेट न सांगता, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला द्या. तेव्हा दिवसपाळी सुटत असते. वास घ्या, लघवीचा येतो की नुसता फिनाइलचा. तिथे राहणाऱ्या कुणाशी तरी एकट्याने बोला. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात आणि डॉक्टर किती दिवसांनी येतात, हे कार्यालयात विचारा आणि आयाबाईलाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत.

१०. आई घर सोडून निघून जाते, चोरीचा आळ घेते. मनोरुग्णालयात ठेवावं का?

आधी मेंदुविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, लघवीतला संसर्ग यांमुळेही असं होतं आणि ते बरं होतं. डिमेन्शियाच असेल तर कोराडी मार्गावरचं प्रादेशिक मनोरुग्णालय ओपीडीसाठी, औषधासाठी उपयोगी आहे. कायमचं ठेवण्याची ती जागा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार घरच्यांच्या सांगण्यावरून दाखल करायलाही ठरावीक अटी आणि मुदत आहे. घरी दाराला कडी वर, नजरेच्या बाहेर लावा, गळ्यात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा. "तू आताच तर जेवलीस" असा वाद घालू नका, वाटीभर मुरमुरे द्या.

११. बाबांना सही येत नाही. बँक पैसे देत नाही.

आम्हीही एका शाखेतून तीनदा परत आलो. शेवटी नियमाची छापील प्रत नेली तेव्हा काम झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आजारी खातेदार हाताचा किंवा पायाचा अंगठा देऊ शकतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही देता येत नसेल तर नुसती खूण चालते. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा देण्याचीही सूचना आहे. पेन्शनचा हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून घरूनच होतो.

हे सगळं त्यांना व्यवहार समजत असेल तरच. समजत नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

१२. मुखत्यारपत्र करून ठेवलंय, म्हणजे काळजी नाही ना?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची आकलनशक्ती असेपर्यंतच टिकतं. डिमेन्शिया वाढला, कोमा झाला की ते कायद्याने संपतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच. अल्पवयीनांच्या पालकत्वाचा कायदा मोठ्यांना लागू नाही, आणि नॅशनल ट्रस्टचा कायदा (प्र. १३) डिमेन्शियासाठी नाही. मग उच्च न्यायालयात, आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, पालक नेमून घेण्यासाठी जावं लागतं. ते मिळतं, पण वेळ आणि वकिलाचा खर्च लागतो.

म्हणून निदान झाल्याच्या महिन्यात, माणूस ठामपणे हो-नाही म्हणू शकतो तोवर, त्यांना बसवून विचारा: खातं कुणासोबत जोडायचं ("दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला" असं), नॉमिनी कोण, मृत्युपत्र कसं. घरात हा विषय काढायला लाज वाटते, मला माहीत आहे. आम्ही काढला नव्हता.

१३. आमचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, तीस वर्षांचा. आमच्यानंतर त्याचं काय?

अठरा पूर्ण झाले की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट अधिनियम १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. अर्ज आजच करा, आणि तुमच्यानंतर कोण हे त्या व्यक्तीशी आत्ताच बोलून ठेवा. त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखांचं विमाकवच आहे. त्यात ओपीडी आणि थेरपीही धरतात, जे साध्या विम्यात मिळत नाही.

तुम्ही सरकारी नोकरीत होता किंवा पीएफची पेन्शन घेता? कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला तुमच्यानंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव तुमच्या हयातीतच कार्यालयात नोंदवा. आणि त्याच्याशी बोला. तो कुणाकडे खूश असतो, कुठे रात्री रडतो, हे तुम्हाला ठाऊक असतं. पुढे तो ज्यांच्याकडे राहील त्यांच्या घरी दोन-तीन रात्री राहायची सवय आतापासून लावा.

१४. घर मुलाच्या नावावर करून दिलं, आता तो विचारत नाही.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो, आणि महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. मुलगी, नातू, नातही यात येतात. सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

घर परत मिळण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे, पण ती कायदा लागू झाल्यानंतरच्या आणि "सांभाळ करीन" या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी. ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली तर काम सोपं. ज्यांनी अजून कागद केला नाही त्यांना माझं सांगणं एवढंच, की करू नका. मृत्युपत्र करा, घर आपल्या नावावर ठेवा.

१५. मला मूलच नाही. पुतण्याकडे मागता येईल का?

येईल, जर तो सज्ञान असेल, त्याच्याकडे पुरेसं उत्पन्न असेल आणि तुमची मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल किंवा वारसाहक्काने त्याला मिळणार असेल. अर्ज प्र. १४ मधल्याच न्यायाधिकरणाकडे. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर (एल्डर लाइन) सकाळी ८ ते रात्री ८ मध्ये बोला, मराठीत बोला.

१६. व्हेंटिलेटर नको असं आई म्हणते. लिहून ठेवता येतं का?

येतं. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली. निर्णय कोण सांगेल त्यांची नावं लिहा, एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या आणि भावंडांना आधीच सांगा. मुंबईहून आलेला भाऊ आयसीयूच्या दारात पहिल्यांदा ऐकतो आणि भांडण होतं.

१७. मी एकटीच करतेय. चार दिवस बाहेर जायचं तर कुणावर सोपवू?

जा. लग्न असो, तुमचं स्वतःचं ऑपरेशन असो, की नुसती झोप. आधी दोन दिवस नवी व्यक्ती तुमच्यासोबत राहू द्या, दुसऱ्या दिवशी तिने करावं आणि तुम्ही खुर्चीत बसून पाहावं. पलंगामागच्या भिंतीवर कागद चिकटवा: औषधांच्या वेळा, कूस कधी बदलली ते लिहायचा तक्ता, डॉक्टरांचा नंबर, १०८. त्याखाली जे कुठल्याच फाइलमध्ये नसतं ते. आमच्या कागदावर नणंदेसाठी लिहिलं होतं: चहा बशीत ओतून, फुंकर मारून द्यायचा. डाव्या कुशीवर जास्त वेळ नको, खांदा दुखतो. बांगडी एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर कूस, सारखी वाजली तर हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसायचं.